सायकलची करकर: आधी आवाज शोधा, मग पाना उचला

पायडल मारताना सायकल करकरायला लागली की पहिला संशय बीबीवर जातो. बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट: दोन्ही क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, ज्याला जोडलेले असतात तो मधला एक्सल आणि त्याची बेअरिंग. दुकानात नेली तर तिथेही बहुधा तीच उघडली जाते. छर्रे बदलतात, बिल होतं आणि चार दिवसांनी इंदूरच्या बिजासन टेकडीच्या चढावर तोच आवाज परत येतो, कारण तो बीबीतून येतच नव्हता. तो होता सीटखालच्या क्लॅम्पचा.

हे वारंवार घडतं, कारण फ्रेम पोकळ नळ्यांची असते. तंबोऱ्याची तार छेडली जाते एकीकडे आणि घुमतो भोपळा, तसंच इथे होतं. हँडल धरणाऱ्या स्टेममध्ये उठलेली कट्ट पायाखाली ऐकू येते. म्हणून नवख्याने पहिला नियम हा ठेवावा की कानावर विश्वास ठेवून काही उघडायचं नाही. कुठल्या भागावर जोर दिला की आवाज होतो आणि जोर काढला की थांबतो, एवढंच तपासायचं.

करकर होते कशी तेही समजून घ्या. दोन भाग एकमेकांवर आवळून बसवलेले असतात. वजन पडलं की ते केसभर सरकतात, अडकतात, पुन्हा सरकतात, आणि त्या अडकत सरकण्याचा तो आवाज असतो. तसं होण्याची कारणं मोजकी आहेत: बोल्ट सैल, जोड कोरडा, किंवा मध्ये माती. चौथं कारण तडा. ते क्वचितच सापडतं, पण तपासायचं असतंच. पहिल्या तिन्ही कारणांवर एकच इलाज आहे: उघडा, पुसा, ग्रीस लावा, नीट आवळा. नवीन पार्ट लागतोच असं नाही.

इंदूरमध्ये या तिन्ही कारणांना खतपाणी भरपूर मिळतं. उन्हाळ्यात माळव्याच्या काळ्या मातीची बारीक धूळ प्रत्येक फटीत शिरते आणि पावसाळ्यात तिचाच चिखल होतो. रंगपंचमीला राजवाड्याच्या आसपास गुलाल आणि टँकरच्या पाण्यात न्हालेली सायकल आठवडाभरात बोलायला लागते. शिवाय मोटारसायकलसोबत सायकलही प्रेशरच्या पाण्याने धुवून घ्यायची सवय आहे. त्या फवाऱ्याने बेअरिंगमधली ग्रीस निघते आणि पाणी आत बसतं. सायकल बादली, फडकं आणि मगाने धुवावी.

हाताशी काय हवं

३ ते ८ मिलिमीटरच्या एलन कीचा सेट, पायडलसाठी १५ मिलिमीटरचा पातळ पाना, १० ते १७ पर्यंतचे साधे पाने, स्क्रू ड्रायव्हर, जुना टूथब्रश, सुती फडकी, थोडं डिझेल आणि चेनचं तेल. ग्रीस साधी लिथियमची चालते, मोटारसायकलच्या बेअरिंगला लावतात तीच. सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानांत छोटा डबा मिळतो आणि घरातल्या सगळ्या सायकलींना तो वर्षानुवर्षं पुरतो. खोबरेल किंवा स्वयंपाकाचं तेल कुठेही घालू नका. ते काही दिवसांत चिकट होतं आणि धूळ धरून ठेवतं. गंज सोडवायच्या स्प्रेने आवाज दोन दिवस बंद होतो, पण तो पातळ असल्यामुळे उडून जातो आणि जाताना आतली ग्रीसही पातळ करून जातो. अडकलेला नट सोडवायला त्याच्यासारखं काही नाही, पण ग्रीसचं काम त्याच्यावर टाकू नका.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना, असेल तर उत्तमच. नसेल तर अंदाज असा घ्या: ५ न्यूटन-मीटर म्हणजे १० सेंटीमीटरच्या एलन कीच्या टोकाला सुमारे ५ किलोंचा जोर, आणि ३५ न्यूटन-मीटर म्हणजे २० सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे १८ किलोंचा. पहिला जोर मनगटाचा, दुसरा खांद्याचा. हा फरक हाताला कळला की निम्मं काम झालं.

शोध

रहदारीत हे जमणार नाही. सकाळी लवकर सुपर कॉरिडॉरसारखा मोकळा, गुळगुळीत रस्ता गाठा आणि जवळपास एखादा चढही बघून ठेवा. निघण्यापूर्वी सायकलवरून सुटणारं सगळं काढून टाका: बाटली, कुलूप, पिशवी, मोबाइलचा होल्डर, पंप. खिशातल्या किल्ल्यासुद्धा. बुटाच्या लेसचं टोक क्रँकवर आपटतं तेव्हा हुबेहूब सैल बीबीसारखी टक् टक् होते, म्हणून लेस आत खोचा. मग एकेक तपासणी करा.

वेग आला की पायडल थांबवा आणि सायकल नुसती पळू द्या. आवाज चालूच राहिला तर चाकं, तारा, ब्रेक, मडगार्ड यांच्याकडे बघा. थांबला तर पायडल, क्रँक, बीबी, चेन यांपैकी काहीतरी आहे, किंवा पायडल मारताना शरीराचं वजन जिथे जिथे हलतं तिथलं.

आता उभं राहून पायडल मारा. आवाज गेला तर तो सीटचा किंवा सीटच्या दांड्याचा. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती तीच, आणि नेमकी हीच तपासणी लोक विसरतात.

पुन्हा बसा आणि हँडल अगदी हलकं धरून, बोटं नुसती टेकवून चालवा. आवाज कमी झाला तर स्टेम, हँडल किंवा हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग. खात्री करायची तर सायकल उभी करून पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरा आणि हँडलच्या दोन्ही टोकांवर आळीपाळीने वजन टाका. तोच आवाज आला तर जागा मिळाली.

मग मोकळ्या रस्त्यावर काही फेरे फक्त उजव्या पायाने जोर द्या, डावा नुसता फिरू द्या, आणि नंतर उलट. एकाच बाजूला आवाज येत असेल तर त्या बाजूचं पायडल किंवा क्रँक. अशा वेळी मित्राच्या सायकलची पायडलं आपल्या सायकलला लावून बघणं ही पाच मिनिटांची आणि पक्की तपासणी आहे.

शेवटची तपासणी घरी करता येते. सायकल भिंतीला टेकवा, ब्रेक दाबून धरा, क्रँक आडवे ठेवा आणि एका पायडलवर पायाने दाब द्या, सोडा, दाब द्या. त्याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी एकेका जोडावर बोट ठेवायला सांगा: पायडलचं मूळ, क्रँकचा बोल्ट, बीबीचा कप (बेअरिंग धरणारी वाटी), सीटचा क्लॅम्प, मागच्या चाकाचा नट. कानाला जे कळत नाही ते बोटाला कळतं, कारण करकरणारा जोड दर दाबाला बारीक थरथरतो.

आवाजाची लयही मोजा. पायडलच्या दर फेऱ्याला एकदा, त्याच जागी, म्हणजे क्रँक किंवा पायडल. साध्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दात असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक साधारण अडीचदा फिरतं. तेव्हा एका फेऱ्यात दोन-तीन टक् ऐकू आले तर चाकाकडे बघायचं. आणि ११२ कड्यांची चेन ४४ दातांवरून पूर्ण फिरायला पायडलचेही सुमारे अडीच फेरे लागतात. त्यामुळे दर अडीच फेऱ्यांनी एकदा झटका बसला की चेनमध्ये एखादी कडी अडकलेली असते.

एका वेळी एकच गोष्ट उघडा, पुन्हा जोडा आणि पुन्हा चालवून बघा. सगळं एकदम उघडून ग्रीस फासली तर आवाज जाईलही, पण पुढच्या वेळी शोध पहिल्यापासून करावा लागेल.

सीट आणि तिचा दांडा

सीटचं नाक धरून पिळा. कट्ट झालं तर खालचा क्लॅम्प. एकाच एलन बोल्टचा असेल तर बोल्ट काढून चुड्या, म्हणजे आटे, पुसा, ग्रीस लावा आणि सीटचे रूळ क्लॅम्पमध्ये जिथे बसतात तिथली माती ब्रशने काढा. साध्या सीटला दोन्ही बाजूंना नट असतात. ते दोन्ही सारखे आवळायचे, नाहीतर सीट एका बाजूला दाबली जाऊन पुन्हा बोलते. रूळ सीटच्या प्लास्टिक तळात जिथे घुसतात तिथेही किरकिर होते. तिथे तेलाचा एक थेंब पुरे.

दांड्यासाठी आधी सध्याच्या उंचीवर टेप गुंडाळा. क्लॅम्प सैल करून दांडा पिळत बाहेर काढा. फ्रेमच्या नळीत फडकं काठीला गुंडाळून फिरवा. पावसाळ्यानंतर तिथून चहाच्या रंगाचं पाणी निघालं तर सायकल उलटी करून निथळू द्या. दांड्याला ग्रीसचा पातळ हात द्या आणि परत बसवा. दांड्यावरची किमान खोलीची रेघ बाहेर दिसता कामा नये. क्लॅम्प ५ ते ६ न्यूटन-मीटरला पुरतो. कार्बनच्या दांड्याला मात्र ग्रीस नको, त्यासाठी वेगळी खरखरीत पेस्ट येते.

हे काम आवाज नसला तरी वर्षातून एकदा करावं. स्टीलच्या फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा दांडा कोरडाच राहिला तर दोन-तीन पावसाळ्यांत तो आत असा धरतो की मग कापून काढावा लागतो.

पायडल

डाव्या पायडलच्या चुड्या उलट्या असतात, आणि नवखे इथेच फसतात. सोपी खूण अशी: पाना पायडलच्या मुळाला लावून वर उभा धरा आणि तो सायकलच्या मागच्या बाजूला ढकला. दोन्ही पायडलं तशीच सुटतात. आवळताना दोन्हीकडे पुढे. सोडवताना चेन पुढच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चकतीवर ठेवा. पाना निसटला तर बोटं दातांवर जात नाहीत.

पायडल काढलं की चुड्या आणि क्रँकचं भोक दोन्ही डिझेलच्या फडक्याने पुसा, ब्रश मारा, ग्रीस लावा. परत बसवताना सुरुवातीचे काही फेरे हातानेच. हाताने जात नसेल तर चुडी तिरकी बसतेय. तिथे पाना लावला तर अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकच्या चुड्या कायमच्या जातात. शेवटी ३५ ते ४० न्यूटन-मीटर. बरेचसे पायडली आवाज एवढ्यानेच बंद होतात. नाही झाले तर पायडल हातात धरून फिरवा. खरखर लागली किंवा एक्सल डुगडुगला तर आतले छर्रे गेले. साधी पायडलं उघडत बसण्यापेक्षा नवी घेतलेली बरी.

क्रँक

जुन्या, काळ्या, उभ्या हँडलच्या सायकलला क्रँक कॉटर पिनने, म्हणजे एका बाजूने सपाट असलेल्या लोखंडी खुंटीने, बसवलेला असतो. तिची टक् ओळखू येते: दर फेऱ्याला एकदा, पाय खाली जाताना, आणि पायाला बारीक घसरल्यासारखं वाटतं. क्रँक आडवे ठेवून दोन्ही पायडलांवर उभे राहा, मग अर्धा फेरा फिरवून पुन्हा उभे राहा. एखादा क्रँक किंचित सरकला तर कॉटर सैल आहे.

इथे सरसकट होणारी चूक म्हणजे नट जोरात पिळणं. नट कॉटरला फक्त धरून ठेवतो. आत बसवायचं काम हातोडीचं. क्रँकच्या खाली, कॉटरच्या शेजारी, जाड लोखंडी पाइप जमिनीपर्यंत उभा टेकवा म्हणजे घाव बेअरिंगवर जाणार नाही. मग कॉटरच्या जाड टोकावर दोन-तीन ठोस घाव घाला, नट हलकेच आवळा, पुन्हा एक घाव आणि पुन्हा नट. नटानेच ओढायला गेलात तर बारीक चुड्या उडतात. कॉटरचा सपाट भाग खाच पडून झिजला असेल तर नवीन घ्या, पण नवीनही बहुधा कानसीने थोडा घासून बसवावा लागतो. दोन्ही बाजूंचे कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने घालायचे, नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत. नवा कॉटर पंधरा-वीस किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा ठोकून आवळावा लागतो, ही सवय सोडू नका.

हल्लीच्या बऱ्याच गिअरच्या आणि मुलांच्या सायकलींना चौकोनी टोकाचा एक्सल असतो. तिथे ८ मिलिमीटरची एलन की किंवा १४ चा सॉकेट लागतो. बोल्ट काढून चुड्यांना ग्रीस लावा आणि ३५ ते ४० न्यूटन-मीटरला आवळा. क्रँक काढायचा असेल तर पुलर, म्हणजे क्रँक ओढून काढणारं हत्यार, लागतो, आणि तो क्रँकमध्ये पूर्ण आतपर्यंत फिरवल्याशिवाय जोर द्यायचा नाही. चौकोनावर ग्रीस लावावी की नाही यावर मेकॅनिक मंडळींचं कधी एकमत झालेलं नाही. नवख्याने स्वच्छ पुसून कोरडाच बसवावा. सैल क्रँकवर सायकल चालवत राहिलात तर अ‍ॅल्युमिनियमचा चौकोन गोल होतो आणि मग कितीही आवळा, तो धरत नाही. क्रँकच बदलावा लागतो.

पोकळ एक्सलच्या महागड्या क्रँकला डाव्या बाजूला दोन छोटे बोल्ट असतात. त्यांना १२ ते १४ न्यूटन-मीटर, आळीपाळीने थोडं थोडं. मधली प्लास्टिकची टोपी फक्त ढिलाई काढायला असते, ती बोटाच्या जोरानेच.

दातेरी चकती क्रँकला पाच किंवा चार छोट्या बोल्टांनी धरलेली असते. हे बोल्ट कोरडे पडले की हुबेहूब बीबीचा आवाज काढतात. एकेक काढा, पुसा, ग्रीस लावा, ८ ते १० न्यूटन-मीटरला आवळा. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि बीबी उघडण्याआधी ते झालेलंच असावं.

आता बीबी

चेन चकतीवरून उतरवा. दोन्ही क्रँकची टोकं धरून आडवी हलवा, फ्रेमकडे आणि बाहेर. एकच क्रँक हलला तर तो क्रँक सैल आहे. दोन्ही एकत्र हलले तर बीबीत ढिलाई आहे. नंतर क्रँक फिरवून बघा. वाळू भरडल्यासारखं वाटलं तर बेअरिंग संपलं.

ढिलाई नाही, खरखर नाही, तरीही आवाज इथलाच, असं झालं तर कपच्या चुड्या कोरड्या पडल्यात. कप काढायला खास सॉकेट लागतो, आणि उजव्या बाजूच्या कपच्या चुड्या बहुतेक सायकलींत उलट्या असतात. हे काम दुकानात करून घ्यावं. पण सांगताना स्पष्ट सांगा, “भैया, बदलू नका, आधी कप काढून चुड्या साफ करा, ग्रीस लावून परत बसवा.” सुट्या छर्ऱ्यांची जुनी बीबी असेल तर दर बाजूला पाव इंची ११ छर्रे असतात. बदलायचे तर सगळे एकदम बदला. जुन्यात नवे मिसळले की वजन नव्यांवरच येतं.

पुढची बाजू आणि चाकं

पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला आणि दुसरा हात हेडसेटवर ठेवा. ठक् लागलं तर हेडसेट सैल आहे. बिनचुडीच्या हेडसेटला आधी स्टेमचे बाजूचे बोल्ट ढिले करायचे, मग वरच्या टोपीचा बोल्ट ढिलाई जाईपर्यंतच आवळायचा आणि शेवटी बाजूचे बोल्ट ५ ते ६ न्यूटन-मीटरला. क्रम चुकला तर टोपी कितीही पिळून उपयोग नाही. हँडल स्टेममध्ये जिथे धरलेलं असतं तिथली धूळ पुसून चारही बोल्ट तिरप्या क्रमाने, सारखी फट ठेवत आवळा. स्वस्त शॉकअपच्या चिमट्याचा (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचा) आवाज मात्र पुष्कळदा आतल्या जोडाचाच असतो. तो घरी जात नाही.

मागच्या चाकाचा क्विक रिलीज, म्हणजे चाक आवळणारी लिव्हर, सैल असला की चढावर मोठी कट्ट होते. लिव्हर अर्ध्यावर येईपर्यंत हलका आणि तिथून पुढे इतका जड हवा की तळहातावर ठसा उमटावा. त्याच्या वळणाच्या जागी तेलाचा थेंब टाका आणि फ्रेमच्या खाचेतली माती पुसा. खाचेजवळच डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, जिथे लटकतो तो छोटा तुकडाही स्वतंत्र बोल्टने बसवलेला असतो. त्याचा कोरडेपणा भल्याभल्यांना बीबीपर्यंत फिरवून आणतो.

चाकाच्या तारा, म्हणजे स्पोक, जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे टिक् टिक् होते. दोन-दोन तारा मुठीत धरून दाबत जा. आवाज आला त्या जागी तेल टाका. एखादी तार बाकीच्यांपेक्षा पिळपिळीत लागली तर चाक ट्रूइंगला, म्हणजे तारा आवळून सरळ करायला, द्या.

चेनची चूंचूं वेगळी असते, ती सततची असते. आतल्या बाजूने दर रोलरवर एक थेंब टाका, दहा मिनिटं थांबा आणि वरचं सगळं तेल पुसून काढा. बाहेर दिसणारं तेल धूळ गोळा करण्यापलीकडे काही करत नाही. एका पिनपासून मोजलेल्या २४ कड्या १२ इंच भरायला हव्यात. त्या एक अष्टमांश इंचाने जास्त भरल्या तर चेन संपली.

तडा

सगळं करूनही आवाज तिथेच असेल तर फ्रेम कोरडी पुसा आणि बॅटरी तिरकी धरून बघा: बीबीच्या नळीभोवतीच्या जोडणीवर, हेडट्यूबच्या (हेडसेट बसतो त्या पुढच्या नळीच्या) खाली, सीटच्या नळीच्या वरच्या खाचेपाशी, मागच्या चाकाच्या खाचांवर. रंगात केसासारखी रेघ दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना बारीक खूण करून ठेवा. दोन दिवसांनी रेघ खुणेपलीकडे गेली तर तो तडाच. रेघ हेडट्यूब, चिमटा किंवा स्टेमवर असेल तर दोन दिवसही थांबू नका, सायकल तिथेच उभी करा. स्टीलची फ्रेम जाणकार वेल्डरकडून जोडून घेता येते. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला नुसतं वेल्डिंग करून भागत नाही, कारण त्या उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो. नाक्यावरचा वेल्डर “होऊन जाईल” म्हणाला तरी देऊ नका.